नाताळची करंजी, तिबेटचा मोमो

२०२४ सालच्या डिसेंबरची २५ तारीख बुधवारी आली होती. आपल्या पंचांगात त्या दिवशी मार्गशीर्ष वद्य दशमी होती. ख्रिस्ती मंडळींचा तो नाताळ. आणि तिबेटी पंचांगाच्या दहाव्या महिन्याचा पंचविसावा दिवसही त्याच तारखेला पडला होता. त्या दिवशी तिबेटी लोक तुपाचे दिवे लावतात. तिन्ही पंचांगांची माणसे त्या दिवशी भातकुलीला आमच्या घरी एकाच शेगडीभोवती बसली होती. मी इतिहासाचा मास्तर, मला कणीक मळता येत नाही. म्हणून एका कोपऱ्यात बसून पाहात होतो. जे पाहिले त्याची, आणि त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या चारशे वर्षांची हकीकत आज सांगावी असा विचार आहे.

आमची भातकुली अमरावतीहून काही फार लांब नाही. जैन मंदिरामुळे हे गाव दूरदूरच्या यात्रेकरूंना ठाऊक आहे. जुन्या परंपरेप्रमाणे भातकुली म्हणजे रुक्मीचे भोजकट. रुक्मिणीला श्रीकृष्णाने नेले, तेव्हा तिचा भाऊ रुक्मी प्रतिज्ञा करून निघाला की, कृष्णाला मारून बहिणीला परत आणीन, नाहीतर कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही. हरला. मग घरी न जाता त्याने वाटेतच भोजकट वसवले आणि तो तेथेच राहिला. परंपरा खरी मानायची की नाही ते ज्याने त्याने ठरवावे. पण ज्याला घरी परतता आले नाही अशा माणसाने वसवलेले गाव, अशी आमच्या गावाची कथा आहे, एवढे लक्षात असू द्या.

आता त्या दिवसाची मंडळी. माझे एक सहाध्यापक ख्रिस्ती आहेत. सकाळची उपासना आटोपून ते दुपारी पत्नीसह आणि म्हाताऱ्या आईसह आले. सोबत फराळाचा डबा. त्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे. दुसऱ्या पाहुण्या होत्या एक तिबेटी बाई. हिवाळ्यात अमरावतीला स्वेटरची दुकाने लागतात, त्यांत त्यांचे दुकान असते, आणि आमच्या घरची गरम कपड्यांची खरेदी बरीच वर्षे त्यांच्याचकडे. त्या दिवशी दुकान बहिणीवर सोपवून त्या माझ्या पत्नीला मोमो शिकवायला आल्या होत्या.

डबा उघडल्यावर माझी आई म्हणाली, "हे त दिवाईचंच होय ना जी! तुमच्या सनाचं येगळं काय हाय मंग?" प्रश्न साधा वाटला, पण मला त्याचे उत्तर शोधायला थेट गोव्यापर्यंत जावे लागले.

नाताळ हा शब्द आपण इतक्या सहज बोलतो की, तो बाहेरून आला आहे हे ध्यानातही येत नाही. पोर्तुगीज भाषेत 'नाताल' म्हणजे जन्माचा सण. पाव, चावी, बादली, पगार हे शब्द ज्या वाटेने आले त्याच वाटेने हाही आला. पोर्तुगीजांच्याच व्यापारातून मिरची आपल्या देशात आली. 'बटाटा' आणि 'कोबी' ही दोन नावेही आपण त्यांच्याच भाषेतून घेतली. बटाटा, कोबी, मिरची ही तीन नावे विसरू नका. पुढे शेगडीपाशी त्यांचे काम आहे.

१५७९ सालच्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यास उतरला. तो इथली भाषा शिकला, नुसती बाजारात बोलण्यापुरती नव्हे, तर पुराण रचण्याइतकी. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतल्या राशोल येथे छापले गेले. अक्षरे रोमन, पण भाषा मराठी आणि छंद आपल्या संतांची ओवी. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ आहे. बेथलेहेमच्या गोठ्यातल्या बाळाची कथा मराठी माणसाने ऐकली ती अशी, ओवीच्या चालीवर.

पण सगळेच स्टीफन्स नव्हते. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. १७३६ साली इन्क्विझिशनने म्हणजे धर्मन्यायालयाने एक लांबलचक जाहीरनामा काढला. नव्या ख्रिस्ती लोकांनी लग्नात जुन्या चालीची गाणी म्हणू नयेत, घरी तुळस लावू नये, अशा बाबी त्यात होत्या. एवढेच काय, हिंदूंप्रमाणे भात बिनमिठाचा शिजवून मग वरून मीठ घेऊ नये, हेही त्यात होते. विचार करा, सरकारचे डोळे भाताच्या मडक्यात पोचले होते! राज्यकर्त्याला माणसाचे स्वयंपाकघर किती धोक्याचे वाटते ह्याचा ह्याहून चांगला दाखला मला तरी माहीत नाही.

आणि एवढे होऊनही गोव्यात काय उरले, तर नेवरी. नेवरी म्हणजे आपली करंजीच. गोव्याचे हिंदू ती चतुर्थीला गणपतीपुढे ठेवतात आणि ख्रिस्ती ती नाताळला तळतात. भाषेवर हुकूम चालला, गाण्यावर चालला, अंगणातल्या तुळशीवर चालला. पण खोबऱ्याचे सारण भरून कड मुरडणाऱ्या बोटांवर तो चालला नाही.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. येथे पोर्तुगीज नव्हते. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश पाद्री नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली, गोंडांच्या चालीरीती टिपल्या, भूगर्भातील दगडांचा अभ्यास केला, आणि १८६३ साली पूर आलेला नाला ओलांडताना ते बुडून वारले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. गंमत अशी की, हिस्लॉपसाहेबांच्या स्कॉटलंडात नाताळ थाटाने करण्याची रीतच नव्हती. तिथल्या प्रेस्बिटेरियन पंथाला तो सण बायबलात न सांगितलेला, म्हणून नकोसा वाटे. २५ डिसेंबरला स्कॉटलंडात सार्वजनिक सुट्टी मिळू लागली ती १९५८ साली! आणि एका अर्थी त्यांचे म्हणणे खरेही होते. ख्रिस्तजन्माची तारीख शुभवर्तमानांत कोठेच नाही. २५ डिसेंबरचा जुन्यात जुना आधार रोमच्या चौथ्या शतकातील एका पंचांगात सापडतो.

मग नागपूर-वऱ्हाडच्या ख्रिस्ती घरांत नाताळची करंजी आली कोठून? साहेबाकडून नव्हे हे उघड आहे. ती त्या घरांतल्या बायकांकडून आली. ती आली म्हणण्यापेक्षा गेलीच नाही, असे म्हणणे जास्त बरोबर. धर्म बदलला तेव्हा देव्हारा बदलला, नावे बदलली, शेजारी दुरावले. फराळाची परात तीच राहिली. फक्त ती कार्तिकाच्या तोंडावरून डिसेंबरात सरकली.

तसेच भजनाचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत प्रथम मिळाली ती राजनांदगावच्या आगगाडीत, एका अनोळखी युरोपियन प्रवाशाकडून. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन रुजवले. परक्या चालींवर बसवलेली गाणी ओढूनताणून म्हणणाऱ्या मंडळ्या टाळ घेऊन बसू लागल्या. माझ्या मते हे काम कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठे होते.

माझ्या मित्राच्या आईंनी त्या दिवशी जे सांगितले ते ह्याहून जवळचे. अकोल्याला अमेरिकन मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले होते. १८९९-१९०० चा दुष्काळ आपले म्हातारे लोक छप्पनचा दुष्काळ म्हणून सांगत. संवत १९५६ चा तो. त्यात आईबाप गमावलेली कितीतरी पोरे मिशनच्या आसऱ्याला गेली. ह्या बाईंची आजी त्यांतली एक. वय सहा-सात वर्षांचे. गाव कोणते ते आठवत नव्हते, आईचे नाव सांगता येत नव्हते. "पण तिले करंजीची मुरड घालता येत होती," बाई म्हणाल्या. "आईच्या मांडीशी बसून पाहिली असन. तेवढीच तिच्या आईची निशाणी." ती मुरड आजीने मुलीला शिकवली, मुलीने हिला. डब्यातल्या करंज्या मी पुन्हा एकदा उघडून पाहिल्या. कडेची मुरड बारीक, एकसारखी, दोरीच्या पिळासारखी होती.

एवढ्यात शेगडीकडून हाक आली. तेव्हा आता तिबेटकडे वळू.

गोवा आणि तिबेट ह्यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. तो आहे. क्रिस्तपुराण छापले गेल्यावर आठच वर्षांनी, १६२४ सालच्या मार्चमध्ये, आंतोनियो द आंद्राद नावाचा पोर्तुगीज जेझुइट आग्र्याहून निघाला. बद्रीनाथाच्या यात्रेकरूंच्या मेळ्यात यात्रेकरूचाच वेष घेऊन तो गढवालात शिरला, आणि मानाची घाटी बर्फातून ओलांडून पश्चिम तिबेटातील गुगे राज्याच्या राजधानीत, त्सापरंगला पोचला. दुसऱ्या खेपेस गेल्यावर १६२६ सालच्या ईस्टरच्या दिवशी त्याने तेथे चर्चचा पाया घातला. तिबेटच्या भूमीवर उठलेले हे पहिले चर्च. ते फार टिकले नाही. १६३० साली लडाखच्या सैन्याने गुगे घेतले आणि सारे उद्ध्वस्त झाले. आंद्राद तोवर गोव्याला प्रांताधिकारी म्हणून परतला होता. १६३४ साली तो तेथेच वारला. बर्फाचे डोंगर तुडवून गोव्याचा पाद्री तिबेटात गेला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. शिक्षक मंडळींनी ती नकाशावर बोट ठेवून मुलांना अवश्य सांगावी.

नंतर तीन शतकांनी उलटा प्रवास घडला. १९५९ सालच्या १७ मार्चच्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि महिनाअखेरीस ते भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ८० हजार तिबेटी आले. पहिली मोठी वसाहत म्हैसूर राज्यात बैलकुप्पे येथे झाली. तेव्हाच्या मध्य प्रदेशात मैनपाटला झाली. आणि १९७२ साली आपल्या विदर्भात, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात नोर्ग्येलिंग नावाची वसाहत उभी राहिली. १९९९ पासून तो भाग गोंदिया जिल्ह्यात मोडतो. आमच्या पाहुण्या बाई तेथल्याच. त्यांचा जन्म तिथला, तिबेट त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

शेतकरी बंधूंना ह्यातली अडचण लवकर कळेल. तिबेट म्हणजे जवाचा मुलूख. ल्हासा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते, पण पुरेसे तापत नाही. भात-डाळ नीट शिजत नाही. म्हणून तेथील लोकांनी युक्ती काढली. जव आधी भाजायचे, मग दळायचे, आणि ते पीठ लोणी घातलेल्या खारट चहात कालवून मुठीने वळून खायचे. त्याला ते त्साम्पा म्हणतात. आपल्या सातूच्या पिठाचा हा भाऊच. मी हे सांगू लागलो तेव्हा आई म्हणाली, "आपल्याइकडे तरी कुठं शिजे डाळ!" खरेच आहे. भातकुलीचा हा सारा खारपाणपट्टा. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात तूर तासन्‌तास टणक राहायची, गोड्या पाण्यासाठी बायका कोसभर जायच्या. तिकडे उंचीने जे केले ते इकडे खाराने. तर असे हे जव खाणारे, याकांमागे हिंडणारे लोक झाडीपट्टीच्या उकाड्यात येऊन धान लावायला शिकले. शेतीचे काम उरकले की लुधियानाहून गरम कपडे घ्यायचे आणि थंडीचे तीन-चार महिने शहरोशहरी विकायचे. वर्षातला नगद पैसा त्यावर.

आता मोमो. हा शब्द मूळचा तिबेटी की चिनी, ह्यावर वाद आहे. उत्तर चीनमध्ये वाफवलेल्या पावाला जवळजवळ हेच नाव आहे, त्यामुळे तो तिकडून आला असावा असे मानणारे पुष्कळ. ल्हासाशी व्यापार करणाऱ्या काठमांडूच्या नेवारी व्यापाऱ्यांनी तो नेपाळात रुजवला. आमच्या घरी मात्र निकाल ताबडतोब लागला. पहिली पारी भरून, चुण्या घालून, वर तोंड मिटल्यावर आई म्हणाली, "हा त मोदक होय! खारा केला झालं." मोदक आणि मोमो, नावेही मिळतीजुळती, तेव्हा एकाचे दुसऱ्याशी नाते जोडायचा मोह कोणालाही होईल. पण श्रोतेहो, नाव सारखे म्हणून नाते सारखे नसते. आपल्याकडे सारण भरलेल्या, गारांसारख्या दिसणाऱ्या तांदळाच्या मोदकांचे वर्णन कल्याणीच्या सोमेश्वर राजाच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, बाराव्या शतकात सापडते. मोमोची वाट वेगळी. पिठाची पारी, आत सारण, वर वाफ, ही युक्ती माणसाला एकाहून अधिक ठिकाणी सुचली, एवढेच म्हणावे.

कृती अवघड नाही. मैदा पाण्यात घट्ट मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवला. मीठ टाकायला गेल्या तर आईने जुन्या सवयीने हात धरला, "आमच्या पाण्यातच रायते मीठ!" आता नळाचे पाणी आहे हे तिला सांगावे लागले. तिबेटात आत याकाचे मांस असते. आमच्या घरी ते शक्य नव्हते, आणि बाईंना त्याचे काही वाटलेही नाही. वसाहतीतसुद्धा भाजीचा मोमो होतोच. कोबी बारीक चिरून, मीठ लावून, पाणी पिळून घेतला. उकडलेला बटाटा, कांदा, आले, लसूण, चमचाभर तेल. वर टमाट्याची झणझणीत चटणी, लाल मिरची भाजून. बटाटा, कोबी, मिरची! पोर्तुगीज जहाजांची ती यादी आठवली ना? तिबेटच्या मोमोच्या पोटात, भातकुलीत, नाताळच्या दिवशी, ती सगळी एकत्र बसली होती.

पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ लाटायची, ही त्यातली मेख. नाहीतर बूड फाटते. गंजात पाणी उकळत ठेवले, वर फुनक्यांची चाळणी तेलाचा हात लावून मांडली, झाकण घातले. दहा-बारा मिनिटांत पारी चकचकीत झाली. बोट लावून चिकटत नाही ना एवढे पाहायचे.

बाई आईला सारख्या 'अमा-ला' म्हणून हाक मारीत. आईने मला बाजूला घेऊन विचारले, "ते सारखी 'आम्हाला, आम्हाला' काऊन म्हणते? काय पायजे तिले?" मला हसू आवरेना. तिबेटी भाषेत अमा म्हणजे आई, आणि 'ला' हा आदराचा प्रत्यय. आपण वऱ्हाडात 'जी' लावतो ना, तसा. हे कळल्यावर आईने तिला 'बाईजी' म्हणणे सोडून दिले आणि 'माय' म्हणायला सुरुवात केली.

बोलता बोलता बाई म्हणाल्या, त्यांची पोरे मोमो खातात, पण दुमडत नाहीत. मोठा बेंगळुरूला नोकरीला, धाकटी परदेशी जाण्याच्या खटपटीत. शहरात मोमो कोपऱ्या-कोपऱ्यावर गाडीवर मिळतो, मग घरी कोण वळत बसणार? "सर, आधी आमचा मोमो फक्त आमच्या घरी होता," त्या त्यांच्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "आता सगळीकडे आहे, फक्त आमच्या घरी नाही." एवढे बोलून त्यांनी पुढची पारी घेतली. माझ्या मित्राच्या आई त्यांच्या बोटांकडे पाहात होत्या. थोड्या वेळाने त्यांनी एक पारी उचलली, मोमोचे सारण भरले, अर्धी दुमडली आणि कडेला करंजीची मुरड घातली. तिबेटी बाई म्हणाल्या, असाही मोमो असतो आमच्यात. गोल आणि अर्ध्या चंद्राचा, दोन्ही.

लोसार हा तिबेटी नववर्षाचा सण. त्याच्या आदल्या दिवसांत गुथुक नावाची पिठाच्या गोळ्यांची आमटी होते. काही मोठ्या गोळ्यांत लोकर, कोळसा, मिरची असे काहीबाही दडवतात. ज्याला लोकर निघेल तो मऊ मनाचा, कोळसा निघेल तो काळ्या मनाचा, मिरची निघेल तो तोंडाळ, घरभर हशा. इंग्लंडात नाताळच्या पुडिंगमध्ये रुप्याचे नाणे दडवत आणि ज्याच्या वाट्याला येईल तो भाग्यवान मानीत. हे ऐकून माझ्या पत्नीने एका मोमोत गुपचूप सबंध मिरची घातली. ती कोणाला निघाली हे आकाशवाणीवरून सांगण्यासारखे नाही. तोंडाळ म्हटल्याचे मला वाईट वाटले नाही.

सांज झाली. त्या दिवशी तिबेटी लोक दिवे लावतात ते त्सोंगखापा ह्या थोर आचार्यांच्या स्मरणार्थ. त्यांनी १४०९ साली गांदेनचा मठ स्थापला आणि १४१९ साली ते निवर्तले. लडाखात त्या रात्री घराघरांवर आणि गोम्पांवर दिव्यांच्या ओळी लागतात. तिबेटी महिनाही आपल्यासारखा चंद्राचा, अधिक महिना धरणारा. म्हणून इंग्रजी तारीख दरसाल हलते आणि नाताळशी अशी गाठ क्वचितच पडते. आईने दिवाळीच्या उरलेल्या पणत्या आणि घरचे तूप काढले. बाईंनी गच्चीच्या कठड्यावर पणत्या मांडल्या. माझ्या मित्राने आणलेली कागदी चांदणी दारावर टांगली होतीच. खालून जाणाऱ्या एका शेजाऱ्याने विचारले, "मास्तर, आज कायचे दिवे?" मी म्हटलं, वर या, सांगतो. ते आले, त्यांनी सात मोमो खाल्ले आणि उत्तर न ऐकताच गेले. दुसऱ्या दिवशी आईचा मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात एकादशी. म्हणून तिने त्या रात्रीच पोटभर खाऊन घेतले.

जानेवारीच्या अखेरीस थंडी ओसरली. स्वेटरची दुकाने उठू लागली तेव्हा बाई निरोप घ्यायला आल्या. आपल्याकडे गौरी जाताना मुरडीचा कानोला करतात, हे माताभगिनींना सांगायला नको. घरचे माणूस लांब निघाले तरी करतात. मुरड घातलेला कानोला खाल्ला की माणूस मुरडून परत येते, अशी समजूत. आईने सकाळीच अकरा कानोले तळून डबा बांधला होता. डबा हातात देताना तिने मला सांगितले, "तिले समजावून सांग, हे काऊन देतात ते."

मी सांगितले. बाईंनी झाकण उघडून एका कानोल्याच्या कडेवरून बोट फिरवले. मग विचारले, "अमा-ला, परत म्हणजे कुठे? इथे, की तिकडे?"

आई क्षणभर माझ्याकडे पाहात राहिली. मग म्हणाली, "आंधी तिकडं जाऊन ये. मंग इकडं ये."